काम करायला मनाई असलेली खोली

दुकानात दोन गोष्टी कधी साठत गेल्या ते कळत नाही. एक न खपलेला माल आणि दुसरे किस्से. मालाचं बरं असतं, निम्म्या भावाची पाटी लावली की कोणीतरी उचलून नेतं. किस्से मात्र फुकट वाटले तरी आपल्याकडेच राहतात, आणि वर दरवेळी सांगताना थोडे वाढतात!

माझं दुकान मिशिगनमधल्या ट्रॉयला आहे. कारखान्यांत लागणारं सेफ्टीचं सामान विकतो. हातमोजे, गॉगल, कानात घालायचे प्लग, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट. आजूबाजूला गाड्यांचे पार्ट बनवणारे कारखाने, त्यामुळे हातमोज्यांना मरण नाही. माझं शिक्षण बारावी, तीही दुसऱ्या झटक्यात. बाकी सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. जे तोंडाने शिकवलं नाही, ते माल परत करून शिकवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक एका ईमेलवर गेलं. ब्रेकचे पार्ट बनवणारा कारखाना होता. "यापुढे सगळी खरेदी हेड ऑफिसमधून होईल. आजवरच्या सेवेबद्दल आभार." बास, दोन ओळी! दुकानात आम्ही अकरा माणसं. आठवडाभर मी कॅल्क्युलेटरशी भांडलो. तो दरवेळी आठच म्हणत राहिला.

त्या कारखान्याचं काम मुख्यतः तिघे बघायचे. काउंटरवरची डोरिस, फोर्कलिफ्ट चालवणारा टायरोन आणि खरेदी सांभाळणारे आमचे शशीकाका. शशीकाका माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे, साठी ओलांडलेले, पण मुलांमुळे मीही त्यांना काकाच म्हणतो. एकोणीस वर्षं माझ्याकडे होते. तिघांनाही जावं लागणार होतं.

पुढच्या सगळ्या किश्श्यांचा उगम इथे आहे.

* * *

असल्या कामाचा मला अनुभव नव्हता, म्हणून मी वसंतरावांना गाठलं. वसंतराव म्हणजे एका मोठ्या मोटार कंपनीच्या एचआरमधून रिटायर झालेले गृहस्थ. दर दोन दिवसांनी दुकानात चहाला येतात आणि माझं कसं चुकतंय ते सांगून जातात.

"शुक्रवार, दुपारी तीन," वसंतराव म्हणाले. "पंधरा मिनिटं. चार वाक्यं. सॉरी म्हणायचं नाही. टिश्यूचा डबा त्यांच्या बाजूला सरकवून ठेवायचा. अरे भाऊ, मी आयुष्यात चारशे जणांना नारळ दिलाय, एकदाही सोळावं मिनिट लागलं नाही!"

आम्ही रिहर्सलसुद्धा केली. वसंतराव मिशांसकट डोरिस झाले आणि समोर बसले. मी चारही वाक्यं न अडखळता म्हटली. "व्हेरी गुड," डोरिस म्हणाली आणि तिने मिशीला लागलेला चहा पुसला.

शुक्रवारी खरी डोरिस आली. (ती बोलते इंग्रजी, पण मला ती मराठीतच आठवते.) बसायच्या आधीच तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "भाऊ, चेहरा असा का झालाय? कोण गेलं?"

चारही वाक्यं पळाली. माझ्या तोंडून निघालं, "तू."

तिने टिश्यूचा डबा उचलला आणि माझ्या बाजूला ठेवला. इन्शुरन्स किती दिवस आहे, पत्र कुठे आहे, सगळं शांतपणे विचारून घेतलं. उठता उठता म्हणाली, "टायरोनला पाठवू, की आधी तू तोंड धुऊन येतोस?"

संध्याकाळी वसंतरावांचा फोन. "किती मिनिटं लागली?"

"डोरिसला पंचेचाळीस."

"बाप रे! इतका वेळ रडली?"

म्हटलं, "ती नाही हो."

* * *

शशीकाकांच्या वेळी तर चार वाक्यांची गरजच पडली नाही. ते आत आले तेच म्हणाले, "भाऊ, मला माहीत आहे. ऑर्डरी मीच टाकतो ना. कोणाच्या कमी झाल्या ते मला कळणार नाही तर कोणाला?" आणि मग, जाता जाता, दाराशी थांबून, "इन्शुरन्सचं तेवढं बघा. हिची तारीख सप्टेंबरमधली आहे."

सुमनकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन. पाच महिने थांबून मिळालेली तारीख. मी सगळ्या बाजूंनी ओढून बघितलं, पण माझ्याकडून इन्शुरन्स ऑगस्टअखेरपर्यंतच पोचत होता. इथे इन्शुरन्स नोकरीबरोबरच येतो, म्हणजे तोवर शशीकाकांना दुसरी नोकरी लागायला हवी होती. नाहीतर तारीख गेली, आणि पुढची कधी मिळेल ते डॉक्टरलाच ठाऊक. साठीतला माणूस, तीन महिने.

मी वसंतरावांना म्हटलं, "नारळ दिल्यावर पुढे काय करायचे तुम्ही?"

"पुढे आउटप्लेसमेंट," वसंतराव म्हणाले. "म्हणजे काढलेल्या माणसांना कंपनीच आपल्या खर्चाने एजन्सी लावून देते. रेझ्युमे लिहून देतात, इंटरव्ह्यूची तयारी करून घेतात, बसायला टेबल-फोन देतात. नोकरी लागेपर्यंत."

"कंपनीला एवढा पाझर कशाला फुटतो?"

"पाझर कसला! अरे, जे राहिले ते बघत असतात ना. आज याला कसं वागवलं, म्हणजे उद्या मला कसं वागवतील. ते बिथरले की चांगली माणसं आधी पळतात."

हे मला एकदम पटलं. दुकानदारीत गिऱ्हाईक माल घेण्याआधी विचारतं, परत घेता का? ज्याच्याकडे परत देताना कटकट होत नाही, त्याच्याकडे लोक बिनधास्त घेतात. मी म्हटलं, "म्हणजे ही माणसांची रिटर्न पॉलिसी झाली!"

वसंतराव म्हणाले, "बत्तीस वर्षं मी हे छत्तीस स्लाइड्समध्ये सांगत होतो."

एजन्सीचं कोटेशन मागवलं. ते वाचून वाटलं की यांच्याकडेच नोकरीला लागावं. मग ठरवलं, आपणच करायचं. वसंतराव कन्सल्टंट, फी रोज दोन कप चहा. साखर नको म्हणाले, त्यामुळे आणखी स्वस्तात पडले!

* * *

दुकानाच्या मागे एक खोली होती, परत आलेले बूट ठेवायची. बूट एका भिंतीला लावले, टेबल टाकलं, प्रिंटर, फोन, कॉफीचं मशीन ठेवलं. तिघांना सांगितलं, रोज नऊ ते एक इथे या आणि नोकरी शोधा.

पहिल्या सोमवारी मी साडेनऊला डोकावलो. टायरोन बूट साइजप्रमाणे लावत होता. शशीकाका सप्लायरशी फोनवर बोलत होते. आणि डोरिसने काउंटरचा फोन मागे वळवून घेतला होता! "तो नवीन मुलगा तिसऱ्या रिंगपर्यंत उचलत नाही," ती म्हणाली.

वसंतराव आले आणि पांढरे पडले. "अरे भाऊ, काय करतोस काय! यांना पगार नाही ना? मग काम करून घेता येत नाही! उद्या कोणी तक्रार केली तर वकील तुला बुटांसकट बाहेर काढेल!"

मी तिघांना हात जोडून सांगितलं, काम करू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच! शेवटी वसंतरावांनी मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली आणि दारावर लावली, "या खोलीत काम करण्यास सक्त मनाई आहे." उभ्या अमेरिकेत अशी पाटी दुसरीकडे नसेल. डोरिसला ती वाकडी वाटली. तिने काढली, लॅमिनेट केली आणि सरळ लावली.

मी म्हटलं, "डोरिस, हे पण काम झालं!"

त्याच आठवड्यात गोदामाचा सुपरवायझर रिक दाराशी आला. पात्याने न कापले जाणारे आठ नंबरचे हातमोजे सापडत नव्हते. डोरिसने पाटीकडे बोट दाखवलं. "मला सांगता येणार नाही. कायद्याने मनाई आहे." रिक हिरमुसून वळला तशी ती छताकडे बघत म्हणाली, "पण मी कोणी वेडी बाई असते ना, तर कानातल्या प्लगांच्या मागे बघितलं असतं."

* * *

टायरोनला पहिला कॉल लगेच आला. एका गोदामाच्या मॅनेजरने मला फोन करून विचारलं, माणूस कसा आहे? मी सुटलोच! म्हटलं, सोन्यासारखा माणूस, बारा वर्षांत एक खोका पाडला नाही, एक दिवस उशीर नाही, असा माणूस शोधून सापडायचा नाही!

मॅनेजर म्हणाला, "मग काढताय कशाला?"

नोकरी गेली.

मी स्वतःवरच चिडलो. तीस वर्षं धंदा करून मी असा कसा वागलो? गिऱ्हाइकाला नुसतं "एक नंबर माल" म्हटलं की ते शिवण उलटी करून बघतं. त्याला आपणच एक खोट दाखवायची असते. "रंग जरा जातो हं," म्हटलं की बाकीचं सगळं त्याला खरं वाटतं.

पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मॅनेजरचा फोन आला. मी गिऱ्हाईक गेल्याचं खरं कारण आधी सांगितलं आणि मग आवाज खाली आणला. "एक सांगतो, नंतर म्हणू नका. त्याच्यात एक मोठा दोष आहे."

"काय?" तो सावध झाला.

"फोर्कलिफ्टला कोणाला हात लावू देत नाही. मशीन माझं, पैसे मी भरले, पण बारा वर्षांत मला एकदाही वर बसू दिलं नाही."

"सोमवारी येईल का?" मॅनेजर म्हणाला.

* * *

जुलैमध्ये एका शुक्रवारी रिक माझ्या केबिनमध्ये आला आणि दार लावून घेतलं. दार लावून घेणारा माणूस चांगली बातमी आणत नाही. रिक गेला असता तर माझं गोदाम आंधळं झालं असतं.

"समोरच्यांनी मला बोलावलं होतं," तो म्हणाला. समोरचे म्हणजे रस्त्यापलीकडचं दुकान, हाच माल, माझ्यापेक्षा दुप्पट मोठं. "पगार जास्त देत होते."

मी म्हटलं, "मग?"

"नाही म्हटलं. बायको म्हणाली, तुमच्या भाऊने काढलेल्या माणसांना खोली दिली, समोरचे तर कामावर असलेल्यांनाही खुर्ची देत नाहीत." मी सुटकेचा श्वास सोडतोय तोवर तो म्हणाला, "पण मी त्यांना डोरिसचा नंबर दिला. चालेल ना?"

आता डोरिसला माझी सगळी गिऱ्हाइकं पाठ! नावं, मोज्यांच्या साइज, कोणाच्या मुलीचं लग्न कधी, सगळं. वसंतराव म्हणाले, "तिच्याकडून काही लिहून घेतलं होतंस का, कॉम्पिटिशनकडे जाणार नाही म्हणून?"

"नाही."

"मग आता?"

आता काय! समोरच्या मालकाने फोन केला तेव्हा एक खोट दाखवून बाकी सगळं चांगलं सांगितलं. डोरिस रस्ता ओलांडून गेली.

महिन्याभराने समोरच्या मालकाचा फोन. तावातावाने बोलत होता. त्यांच्याकडे बायकांच्या हाताचे लहान साइज ठेवत नाहीत, आणि कोणी मागितले की डोरिस सरळ रस्त्यापलीकडे बोट दाखवायची. "तुझी बाई माझी गिऱ्हाइकं तुझ्याकडे पाठवते!"

म्हटलं, "माझी कशी? पगार तर तू देतोस!"

* * *

मंडळाच्या पिकनिकला मी हे सांगत होतो तेव्हा एक तरुण एचआर मॅनेजर मक्याचं कणीस खात ऐकत होता. एका आयटी कंपनीत आहे, त्याच आठवड्यात त्याने चाळीस जणांना काढलं होतं. व्हिडिओ कॉलवर, एकदम!

"भाऊकाका, स्टोरी छान आहे," तो म्हणाला, "पण आरओआय काय, म्हणजे परतावा किती? मॅनेजमेंटला आकडा लागतो यार."

म्हटलं, "बाळा, मी बारावी. मला आकडा नाही येत, हिशेब येतो. माणूस जितका लवकर नोकरीला लागेल, तितका माझ्या खात्यावर पडणारा त्याचा बेकारीभत्ता लवकर थांबतो, आणि त्यावरून ठरणारा माझा टॅक्स कमी चढतो. हा एक. जो हसत गेला तो वकील शोधत नाही. हा दुसरा. रिकसारखा माणूस राहिला, नाहीतर नवीन शिकवण्यात वर्ष गेलं असतं. हा तिसरा. आणि माणूस जिथे जातो तिथे माझं नाव घेऊन जातो. शिव्या देऊन जायचं की चांगलं बोलून, एवढंच माझ्या हातात. ट्रॉय केवढंसं, इथे सगळे पुन्हा भेटतात!"

"हे लहान धंद्यात चालतं काका. स्केल होत नाही," तो म्हणाला आणि दुसरं कणीस घ्यायला गेला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन. आवाज बारीक.

"भाऊकाका... ती खोली अजून आहे का?"

* * *

शशीकाकांचं मात्र पुढे सरकत नव्हतं. वसंतरावांनी रेझ्युमे लिहायला घेतला तेव्हाच मला धोका कळला होता.

"एकोणीस वर्षांत तुम्ही काय केलंत?" वसंतराव पेन सरसावून बसले.

"मी काय, भाऊ सांगतील ते."

"मोठी ऑर्डर असली की भाव कोण ठरवायचं?"

"ठरायचा."

"आपोआप?"

"सगळे मिळून असायचे ना. आणि सप्लायरही चांगले होते."

"अहो, पण त्या कोविडच्या वर्षात कोणाकडे मोजे नव्हते तेव्हा यांच्या दुकानात माल कुठून आला?"

"आला कुठून कुठून," शशीकाका म्हणाले. "देवाची कृपा."

वसंतरावांनी पेन बंद केलं, शशीकाकांच्या घरी फोन लावला आणि सुमनकाकूंना तेच प्रश्न विचारले. काकू अर्धा तास बोलत होत्या! कोणत्या सप्लायरला कसा वाकवला, कोणाचा कंटेनर कसा वळवून आणला, मी कुठे फसणार होतो आणि कसा वाचलो. मला त्यातलं निम्मं नवीन होतं. "चारशे लोकांना मी मूर्खासारखं सांगत होतो की रेझ्युमे स्वतः लिहा," वसंतराव फोन ठेवत म्हणाले. "हे काम बायकोकडेच द्यायला पाहिजे!"

कागद झाला, पण इंटरव्ह्यूला काकूंना कसं नेणार? आम्ही मागच्या खोलीत प्रॅक्टिस सुरू केली. वसंतरावांनी टाय लावला.

"तुमची एखादी वीकनेस सांगा."

ह्या प्रश्नाला, वसंतरावांनी समजावलं होतं, उत्तर असं द्यायचं की वीकनेसमधून कौतुकच निघेल. शशीकाकांनी प्रामाणिकपणे सुरुवात केली. डावा कान कमी ऐकतो. शुगर आहे. एक्सेलमध्ये रंग भरता येत नाहीत. इंग्रजीत राग आला तर शब्द सापडत नाहीत. वसंतराव बोटं मोजत होते, दोन्ही हातांची संपली.

"बरं, स्ट्रेंग्थ?"

"ते दुसऱ्यांनी सांगायचं असतं," शशीकाका म्हणाले.

खऱ्या इंटरव्ह्यूंतही तेच. एका ठिकाणी "ओव्हरक्वालिफाइड" म्हणाले. दुसऱ्या ठिकाणी "कळवतो" म्हणाले. तिसऱ्यांनी तेही म्हटलं नाही. ऑगस्टचा पहिला आठवडा उलटला. डोरिस गेली, टायरोन गेला, खोलीत शशीकाका एकटे. बाजूला बुटांची भिंत.

एके दिवशी निघताना म्हणाले, "भाऊ, उद्यापासून मी नाही येत. तिघांसाठी ठीक होतं. एकट्यासाठी एसी कशाला जाळायचा?"

"एसी तुमच्यासाठी नाही, बुटांसाठी आहे," मी म्हटलं. "ते रबर उकाड्याने चिकटतं. तुम्ही आपले त्यांच्या जिवावर बसता."

शशीकाका एक बूट सरळ लावून गेले. दुसऱ्या दिवशी नऊला हजर होते.

* * *

चौथा इंटरव्ह्यू गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. खरेदी विभागात. आता आपल्याकडे कोणाच्या दारात पहिल्यांदा जायचं तर मोकळ्या हाताने कसं जायचं? तीन वेळा तसं गेले आणि जमलं नाही, असं काकूंच्या मनाने घेतलं. त्यांनी दुखऱ्या गुडघ्यावर उभं राहून बेसनाचे लाडू केले आणि डबा शशीकाकांच्या हातात दिला. आम्हाला विचारलं असतं तर वसंतराव दारात आडवे झोपले असते!

समोर एचआरची बाई आणि खरेदीचा मॅनेजर. शशीकाकांनी नमस्कार करून डबा टेबलावर ठेवला. बाईंचा हात हवेतच राहिला.

"हे काय आहे?"

"लाडू. मिसेसनी केलेत. तुमच्यासाठी."

"सर, खरेदी विभागाच्या उमेदवाराने भेटवस्तू देणं आमच्या पॉलिसीत गंभीर समजलं जातं." बाईंनी एक फॉर्म काढला. वस्तूचं नाव, गोड गोळे. देणाऱ्याचं नाव. डबा पारदर्शक होता, झाकण न उघडता मोजले. संख्या, सहा. "इंटरव्ह्यू संपला की परत घेऊन जा. इथे सही करा."

घाबरून गेलेल्या माणसाने सही करून मोकळं व्हावं की नाही? शशीकाकांनी चष्मा लावला, फॉर्म वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"सात आहेत."

"काय?"

"सात. एक खाली दबलाय, तो वरून दिसत नाही."

"ठीक आहे सर, सहाने काही बिघडत नाही."

"बिघडतं," शशीकाका म्हणाले. "तुम्ही परत देणार सात. कागदावर सहा. मग सातवा कोणाचा?"

इतका वेळ घड्याळाकडे बघत बसलेला मॅनेजर सरळ झाला. "तीन वर्षं मी आमच्या स्टोअरमध्ये हा प्रश्न कोणीतरी विचारेल म्हणून वाट बघतोय," तो म्हणाला.

पुढचा अर्धा तास दोघांनी मापं, गळती आणि सप्लायरांची लबाडी यांवर गप्पा मारल्या. वीकनेस कोणी विचारलीच नाही! ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी जॉइन, एक सप्टेंबरपासून इन्शुरन्स. शशीकाका तिथून थेट दुकानात आले. डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि सोबत कारखान्याची पोच, "गोड गोळे, सात, परत दिले." वसंतरावांनी दोन खाल्ले आणि पोच परत परत वाचली.

* * *

सप्टेंबरच्या मध्यावर काकूंचं ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. त्यांची मुलगी दुसऱ्या राज्यात पीएचडी करते, तिची फ्लाइट दुपारची होती, म्हणून सकाळी मी जाऊन बसलो. शशीकाका वेटिंग रूममध्ये खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते, कोणी उठ म्हटलं तर पटकन उठता यावं असे. दर दोन मिनिटांनी दाराकडे बघत होते.

त्यांचं मन दुसरीकडे न्यावं म्हणून मी धंद्याचं काढलं. "काय काका, तिकडे हातमोजे कोणाचे घेता?"

शशीकाकांनी मान खाली घातली. "भाऊ, तुम्हाला सांगायचंच होतं. रागावू नका. तुमचं कोटेशन आलं होतं गेल्या आठवड्यात. माझ्याच टेबलावर."

"मग?"

"परत पाठवलं. भाव जास्त आहे."

"शशीकाका!" मी जवळजवळ ओरडलोच. रिसेप्शनवरची बाई बघायला लागली. "एकोणीस वर्षं माझं मीठ खाल्लंत, आणि—"

"म्हणून तर कळलं जास्त आहे ते."

मी खुर्ची जवळ सरकवली. "बरं, शुक्रवारपर्यंत सुधारून देता येतं ना?"

"येतं."

"मग किती उतरवू?"

"ते मी सांगणं बरोबर नाही भाऊ. मी आता त्यांचा माणूस आहे. सगळ्यांना सारखंच पाहिजे."

"नुसती मान हलवा. पाच टक्के?"

शशीकाका पुतळ्यासारखे बसले.

"सहा? आठ?"

त्यांनी मान हलू नये म्हणून दोन्ही हातांनी हनुवटी धरली! तेवढ्यात दार उघडलं आणि नर्स म्हणाली, ऑपरेशन छान झालं, पेशंट शुद्धीवर येतेय, दोघं आत या. शशीकाकांचे डोळे भरून आले. मला सगळे टक्के विसरायला झाले.

आत काकू पांढऱ्या चादरीत अर्धवट डोळे उघडून पडल्या होत्या. शशीकाकांनी त्यांचा हात हातात घेतला. "सुमन, मी आहे. झालं सगळं. आणि हे बघ, कोण आलंय."

काकूंनी मोठ्या कष्टाने मान वळवली. मला ओळखलं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. मी वाकून कान जवळ नेला.

"भाऊ," काकू म्हणाल्या, "नऊ."

"काय काकू?"

"नऊ टक्के... उतरवा. मोज्यांवर. बुटांचा... आहे तो ठीक."

आणि पुन्हा डोळे मिटले.

शशीकाका हात हातात धरून तसेच उभे. पलीकडून नर्स लगबगीने आली. "काही दुखतंय का त्यांना? काय म्हणाल्या?"

शशीकाकांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा काकूंकडे.

"पाणी मागतेय," ते म्हणाले.